कलम अकरावे आणि पालखीची वाट

माझा पहिला करारनामा मी वाचला नाही, पाहिला. नाटक पाहावे तसा पाहिला. घराचे मालक तो स्वतः उभे राहून वाचत होते. एक हात कमरेमागे, दुसऱ्या हातात स्टॅम्पाचा कागद, आणि प्रत्येक कलम संपले की चष्म्यावरून माझ्याकडे अशी नजर, की आता शिक्षाच सुनावणार.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे ही गोष्ट घडली. मालक म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. सगळी नोकरी घाटावर झालेली. पेन्शन घेऊन ते आपल्या मूळ गावी परत आले होते. रत्नागिरीहून सकाळी बैलगाडी जोडली तर जेवणाच्या वेळेला पोचावे, असे ते गाव. गाव त्यांना रावसाहेब म्हणे. सरकारने तो किताब दिलेला नव्हता, पण गावाला सरकारची वाट पाहण्याचे कारण वाटले नव्हते. त्यांना बांधायचे होते चिरेबंदी घर. ओटी, माजघर, पडवी हे सगळ्यांचे असते तसे, आणि त्याशिवाय पुढच्या अंगाला एक स्वतंत्र खोली, कायद्याच्या पुस्तकांसाठी. तिला ते कचेरी म्हणत. घराची एक वीट नव्हती, चिरा नव्हता, तेव्हापासून कचेरी म्हणत.

"कलम चौथे," रावसाहेब वाचत होते. "काम चालू असता फणस, नारळ अगर तत्सम फळ पडून कोणास इजा झाल्यास जबाबदारी कंत्राटदाराची."

"फळ तुमचं, झाड तुमचं," मी म्हटले.

"डोकं तुमच्या माणसाचं. ज्याचं डोकं त्यानं वर बघावं. कलम पाचवे. वानरांनी कौले फोडल्यास, कंत्राटदाराने बदलून द्यावी. कलम सहावे. गणपती, शिमगा वगैरे सणांस मजूर पळाल्यास मुदत वाढवून मिळणार नाही. कलम सातवे. वीज, भूकंप, शत्रूची स्वारी..."

"शत्रू कुठून यायचा, रावसाहेब?"

"समुद्रातून," ते म्हणाले आणि आठवे कलम घेतले.

अकरावे कलम त्यांनी विशेष प्रेमाने वाचले. बांधकामामुळे कोणाही तिऱ्हाइताच्या हक्कास, वहिवाटीस अगर जाण्यायेण्यास अडथळा झाल्यास तो कंत्राटदाराने स्वखर्चाने दूर करावा. शेवटच्या कलमात मुदत होती: गुढीपाडव्याला वास्तुशांत. तोवर घर पुरे आणि निर्वेध झाले नाही, तर रावसाहेब काम काढून घेणार आणि शहरातल्या दुसऱ्या माणसाकडे देणार.

मी सही केली. आनंदाने केली. इतकी वर्षे मी एका जुन्या कंत्राटदाराच्या हाताखाली राबलो होतो, चिरे मोजत होतो, मजुरांशी भांडत होतो. हे काम माझे होते. पार पडले तर मी कंत्राटदार. नाही पडले तर मुंबई. मुंबई म्हणजे माझा थोरला मेहुणा. तो एका गिरणीच्या ऑफिसात होता आणि माझ्यासाठी त्याने कारकुनाची एक खुर्ची धरून ठेवली होती. दर पत्रात ती खुर्ची असे. खिडकीजवळ आहे, वरती पंखा आहे, साहेब शांत आहे. बायको पत्र वाचून दाखवी आणि शेवटी माझ्याकडे बघे. शिमग्याला मेहुणा आगबोटीने येणार होता, आणि जाताना मला बरोबर नेणार होता, हे त्याने ठरवूनच टाकले होते.

दसऱ्यानंतर आखणी केली. रावसाहेब हातात काठी घेऊन उभे राहिले, मी दोरी धरली, खुंट्या ठोकल्या. जागा म्हणजे भाताचा कापलेला मळा आणि त्याला लागून थोडा कातळ. एका बाजूला वाल पेरलेले. वाट म्हणाल तर कुठे पायवाटसुद्धा नाही. त्या जागेवरून कोणी पाणी आणायला जात नव्हते, गुरे नेत नव्हते. मी चारी बाजूंनी फिरून पाहिले होते. अकरावे कलम माझ्या कानात घुमत होते ना.

गावातली माणसे कामावर होती. तीच चिरे वाहत होती, तीच चुना मळत होती. गावकार, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांतला पहिला माणूस, रोज संध्याकाळी येऊन चिऱ्यावर बसे, तंबाखू मळी, भिंतीकडे बघे आणि म्हणे, "बरी चढली." एवढेच. पौषात भिंती वर गेल्या, माघात वासे चढले, कौले लागली. मी मनात स्वतःचे नाव लिहिलेली पाटी रंगवायला सुरुवातसुद्धा केली होती.

आणि मग फाल्गुन लागला.

एका सकाळी मी ओटीच्या पायऱ्या बसवून घेत होतो. देवळाच्या दिशेने कोयत्यांचा आवाज येऊ लागला. पाहतो तर दहाबारा माणसे ओळीने झाडोरा साफ करत येत होती. काटेरी फांदी दिसली की कोयता, गडग्याला भगदाड पाडून पुढे, वालाच्या मांडवातून सरळ पुढे. इकडे नाही, तिकडे नाही, दोरी धरल्यासारखी एक रेघ. अशी मजेदार गोष्ट मी पाहिली नव्हती. मी काम थांबवून बघत राहिलो. रेघ जवळ आली, आणखी जवळ आली, आणि बरोबर कचेरीच्या भिंतीला येऊन थडकली. सगळी माणसे कोयते खाली करून भिंतीकडे बघत उभी राहिली.

गावकाराने कोयत्याच्या मुठीने चिऱ्यावर टकटक केले.

"हितं भिंत हाय."

"घर आहे," मी म्हटले.

"ता दिसतंय. पण ही पालखीची वाट."

माझ्या हातातली थापी मला एकदम जड वाटू लागली. शिमग्यात देवी पालखीत बसून गाव फिरते, घरोघर जाते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पण त्या गावातली पालखी देवळातून खालच्या वाडीला जाते ती याच रेघेने, हे मला कोण सांगणार? वर्षातून एक दिवस ती वाट असते. बाकीचे दिवस तिच्यावर भात असते, वाल असतात, गुरांचे शेण असते.

"अहो, मग रोज येऊन बसत होतात, बोलला का नाहीत?"

गावकाराने मनापासून आश्चर्य केले. "आमाला वाटलं, तुमाला ठाव हाय. आख्ख्या गावाला ठाव हाय. ज्ये सगळ्यांला ठाव हाय, ता सांगायचं कनाला?"

"आणि रावसाहेब? त्यांचं तर गाव हे."

"त्ये ल्हानपणी गेले. पालखी बघितली असंल तं कुणाच्या तरी खांद्यावर बसून."

"थोडी वळवून नेली तर? घराला वळसा घालून?"

माणसांत कुजबुज झाली. गावकार शांतपणे म्हणाला, "देवी वळसा न्हाय घालत. तुमी काय करायचं ता करा. पंचमीला पालखी हितं येईल आणि हितं उभी ऱ्हाईल."

रावसाहेबांना मी बातमी सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते मी अजून विसरलेलो नाही. घर मोडायची वेळ आली होती त्यांचे, आणि हा गृहस्थ खुलला. धावत जाऊन करारनामा घेऊन आले.

"अकरावं कलम," ते म्हणाले. "तिऱ्हाइताची वहिवाट. मी म्हटलंच होतं, हे कलम लागेल. इतक्या लवकर लागेल असं वाटलं नव्हतं. पाडा भिंत."

"पाडली तर पाडव्याला घर पुरं होणार नाही. मुदतीचं कलम मोडेल."

"मोडेल."

"नाही पाडली तर अकरावं मोडेल."

"हो तर. चांगला करारनामा असाच असतो. कंत्राटदाराला सुटायला जागा नसते." मग त्यांना माझी थोडी कीव आली असावी. "बसा. पाणी घ्या."

मी पाणी घेतले. आणि घोट गिळता गिळता माझ्या डोक्यात ते कलम पुन्हा वाजले, त्यांच्याच आवाजात. मी पेला खाली ठेवला.

"रावसाहेब, कलम काय म्हणतं? अडथळा दूर करावा. भिंत पाडावी असं कुठं आहे?"

"भिंत हाच अडथळा."

"दार नसलेली भिंत अडथळा. दार असलेली भिंत म्हणजे वाट."

ते चष्म्यावरून बघत राहिले. मी उठून उभाच राहिलो. कचेरीच्या पुढच्या भिंतीत एक दार, समोर मागच्या भिंतीत दुसरे दार, दोन्ही त्या रेघेत. पालखी पुढून आत आली, मागून बाहेर पडली, मळ्यात उतरली, खालच्या वाडीला गेली.

"माझ्या कचेरीतून?"

"तुमच्या कचेरीतून."

"कायद्याच्या पुस्तकांच्या समोरून?"

"देवीला काय, तीही वाचील जाता जाता."

ते हसले नाहीत. पण त्यांनी कागदाची घडी केली.

गावकाराची हरकत नव्हती. "देवी घरात येते म्हंजे चांगलंच. दार मोठं ठेवा. भोई खांद्यावरची पालखी खाली घेत न्हायत. आणि उंबरठा नको. पालखी नाचवत आणायची, पाय अडकला तं?"

"बिनउंबरठ्याचं दार? घराला?" रावसाहेब म्हणाले. "ते चालणार नाही. आणि दुसरी मोठी गोष्ट तुमच्या कोणाच्या लक्षात आलेली नाही." त्यांनी बोट वर केले. "मळा उघडा होता, तिथून पालखी जात होती, मान्य. पण बंद खोलीतून जाणं ही नवी गोष्ट. आज देवी गेली, उद्या गेली, अशी वर्षं लोटली की तो हक्क होतो. मग माझ्या कचेरीतून गावानं केव्हाही जावं, गुरं न्यावीत, मोळ्या न्याव्यात. माझ्या नातवानं काय करायचं? तेव्हा दर वर्षी पालखीनं दारात थांबून परवानगी मागितली पाहिजे."

गावकाराने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "देवी परवानगी मागत न्हाय."

"मग मानकऱ्यांनी मागावी."

"आमी देवीची माणसं. आमी तरी कशी मागणार?"

दोघे एकमेकांकडे बघेनात. पंचमीला थोडेच दिवस राहिलेले, भिंत अजून आहे तशी उभी. मग माझ्या तोंडातून ते वाक्य गेले. मी ते ठरवून बोललो नव्हतो.

"मी मागतो. अडथळा दूर करायची जबाबदारी कंत्राटदाराची आहे. मग वाट मागायची जबाबदारीही कंत्राटदाराचीच. आणि उंबरठा आपण सुटा करू. खाचेत बसणारा. रावसाहेब म्हणतील 'काढा', मग मी तो काढीन, पालखी गेली की परत बसवीन. वर्षभर दाराला उंबरठा आहे, म्हणजे वाट बंद आहे. शिमग्याला मालकाच्या शब्दानं निघतो, म्हणजे परवानगी आहे."

रावसाहेबांनी माझ्याकडे एवढ्या प्रेमाने पाहिले, की माझ्या सासऱ्यानेही कधी पाहिले नव्हते. "तुम्ही वकील का नाही झालात?" ते म्हणाले. "मात्र ठरल्याप्रमाणे शब्दन्शब्द झालं पाहिजे. तुम्ही विचारायचं, मी 'काढा' म्हणायचं, मगच उंबरठा निघायचा. यात चूक झाली, तर दारं बुजवीन आणि काम दुसऱ्याला देईन."

पुढचे दिवस म्हणजे जत्रा. उभ्या घराच्या भिंतीत पालखी जाईल एवढी दोन भगदाडे पाडायची, आणि वर कौलांचा सगळा भार. वासे आधी टेकूंवर तोलून धरले, मग एकेक चिरा सोडवला. जाड फणसाची तुळई वर चढवायची होती. मुंबईहून शिमग्याला आलेले चाकरमानी इस्त्रीच्या सदऱ्यात बघायला आले आणि सदरे काढून तुळईला खांदे देऊ लागले. देवीची वाट होती ना, मजुरी कोण विचारतो. तुळई जागेवर बसली आणि टेकू काढताना सगळे गप्प झाले. एक कौल हलले. फक्त एक. ते घसरत घसरत खाली येऊन माझ्या पुढ्यात फुटले, आणि सगळे मोठ्याने हसले.

मेहुणा त्याच गर्दीत छत्री घेऊन उभा होता. आदल्या दिवशी आगबोटीतून उतरून पडावाने किनाऱ्याला लागला होता, अजून त्याचे पाय जमिनीवर नीट पडत नव्हते.

"भावोजी," तो म्हणाला, "हे काय चालवलंय? घर बांधताय की देवीची थट्टा करताय? खुर्ची अजून आहे. पंखा आहे."

"पंचमीपर्यंत थांब," मी म्हटले. "पंचमीला काय ते कळेल."

पंचमीला कळले. मागच्या दाराचा उंबरठा मी पहाटेच काढून ठेवला होता. सकाळपासून रावसाहेबांच्या घरातल्या बायका तयारीत होत्या. देवी पहिल्यांदाच घरात येणार म्हणून दोन्ही दारांना तोरणे, अंगणात सडा, आणि पुढच्या उंबरठ्यावर घागरीमागून घागर पाणी. धुवायचा, पुसायचा, हळदकुंकू लावायचे, पुन्हा धुवायचा. मी ते पाहत होतो आणि मला वाटत होते, किती सुंदर दिसतोय माझा उंबरठा.

दुपार कलता ढोल ऐकू आले. मळ्यातून पालखी येत होती, भोयांच्या खांद्यावर डोलत, मागेपुढे होत, चांदीचे मुखवटे उन्हात झळकत. सगळा गाव मागे. रावसाहेब कचेरीत, दाराच्या आतल्या बाजूला, जरीचे उपरणे घालून कोर्टात उभे राहावे तसे उभे. मी बाहेर, दारासमोर. पालखी दारात आली, नाचली, थांबली. ढोल थांबले. सगळा गाव माझ्याकडे बघत होता, आणि खरे सांगतो, असा प्रवेश मला कुठल्या रंगमंचावर मिळाला नसता.

"रावसाहेब," मी आवाज चढवून म्हटले, "देवीला वाट द्याल का?"

रावसाहेबांनी श्वास घेतला. ते 'काढा' म्हणणार, तेवढ्यात ढोलवाल्याला वाटले झाले, आणि त्याने टिपरी हाणली. सनई सुरू झाली. भोई पुढे सरकले. मी झटकन वाकलो आणि उंबरठा उचलला.

उंबरठा उचलला नाही. ओल्या फणसाच्या लाकडाने सकाळपासून पाणी पिऊन खाचेत असा घट्ट पाय रोवला होता, की जणू तो तिथेच उगवला होता. मी ओढला. हलेना. पालखी माझ्या डोक्यावर नाचत होती. भोयांचे पाय माझ्या पाठीला लागत होते.

"काढा की," गावकार ओरडला.

"निघत नाही."

"मागे न्या म्हणावं पालखी," मेहुणा कुठूनतरी म्हणाला.

"पालखी मागं फिरत न्हाय," गावकार म्हणाला.

आणि तेव्हा मी पाहिले, उंबरठ्याच्या दुसऱ्या टोकाला जरीचे उपरणे खाली आले. रावसाहेब गुडघ्यांवर होते. त्यांनी दोन्ही हातांनी ते टोक धरले, मी माझे धरले. "ओढा," ते म्हणाले. "माझ्याकडे बघत काय बसलात?" आम्ही ओढले. करकर आवाज झाला, उंबरठा सुटला, आणि आम्ही दोघे उंबरठ्यासकट कचेरीत मागे जाऊन आपटलो, कायद्याच्या कपाटाला टेकून. आमच्या पायांवरून, नाचत, गुलाल उधळत, देवी आत आली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. मागून सगळा गाव. कोणीतरी आमच्या हातांवर खोबऱ्याचा प्रसाद ठेवून गेले.

गर्दी ओसरल्यावर आम्ही तसेच बसलेले होतो. रावसाहेबांच्या मिशा गुलालाने लाल झाल्या होत्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर विचार उमटला.

"मी 'काढा' म्हणालोच नाही."

मेहुणा दारात येऊन उभा होता. त्याने छत्री बगलेत घेतली. त्याला आता माझी खुर्ची स्पष्ट दिसत होती.

"परवानगी दिलीच नाही," रावसाहेब म्हणाले. "शब्द नाही, म्हणजे परवानगी नाही. परवानगी नाही, म्हणजे देवी हक्कानं गेली."

"रावसाहेब," मी म्हटले, "उंबरठा कोणी काढला?"

"आपण दोघांनी."

"मालकानं स्वतःच्या हातानं. गुडघ्यावर बसून, सगळ्या गावासमोर. शब्द फिरवता येतो. साक्षीदार म्हणेल, ऐकू आला नाही, ढोल वाजत होते. पण मालक दाराचा उंबरठा स्वतः उपसून देवीला आत घेतो, ही परवानगी नाही तर काय? याहून मोठी परवानगी कुठल्या कोर्टात दाखवाल?"

ते कपाटाला धरून उठले, टेबलाशी गेले, करारनामा उघडला आणि अकराव्या कलमाच्या खाली बारीक अक्षरात लिहू लागले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचले. दर शिमग्यास उंबरठा काढणे तो मालक व कंत्राटदार यांनी दोन टोके धरून, समक्ष, एकत्र काढावा. कंत्राटदाराने त्यासाठी हजर राहावे, सबब सांगू नये.

"म्हणजे काम माझ्याकडेच?" मी विचारले.

"दर वर्षी हजर राहायचंय तर दुसऱ्याला कसं देऊ? वास्तुशांतीला घरच्या माणसांना घेऊन या."

मेहुणा दोन दिवसांनी आगबोटीवर चढला. बरोबर आंब्याच्या लोणच्याची बरणी होती, मी नव्हतो. पडावात बसताना म्हणाला, "भावोजी, ती खुर्ची मी तुमच्या साडूभाऊंना देतो. तुम्हाला खुर्चीत बसवलं असतं, तर तुम्ही साहेबाला पंख्यासकट विकलं असतं." बायको किनाऱ्यावर तोंडाला पदर लावून हसत होती.

पाडव्याला घर पुरे झाले. माझी पाटीही झाली. त्यानंतर मी दोन पूल बांधले, एक शाळा, कितीतरी घरे, आणि प्रत्येक आखणीच्या आधी गावातल्या माणसांना विचारत आलो, फाल्गुनात इथून कोण जाते. माझ्या धंद्यातले सगळे शहाणपण त्या एका प्रश्नात आहे.

आणि दर शिमग्याला मी त्या दारात जातो. पंचमीची तालीम आता पक्की झाली आहे. मी विचारतो, ढोल थांबतात, आम्ही दोघे वाकतो, एकेक टोक धरतो, उंबरठा निघतो. बायकांना सकाळी त्यावर पाणी घालायला सक्त मनाई आहे, तरी थोडे घालतातच. रावसाहेबांचे गुडघे आता कुरकुरतात, पण उंबरठ्याचे टोक ते कोणाला देत नाहीत.

गेल्या वर्षी मला पोचायला उशीर झाला. गाडीचा आस मोडला. धावत गेलो तर पालखी दारात खांद्यांवर उभी, ढोल गप्प, सगळा गाव गप्प. गावकाराचा थोरला मुलगा शेजारी उभ्या असलेल्या कोणा पाहुण्या चाकरमान्याला हलक्या आवाजात समजावत होता, "कंत्राटदार आल्याबिगर देवी आत जात न्हाय. लय जुनी चाल हाय. आमच्या पणज्याच्या बी आधीची."

मी तोंड उघडणार होतो. उंबरठ्याच्या पलीकडून रावसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले.

"गप्प बसा," ते पुटपुटले आणि आपल्या टोकाशी वाकले. "हरकत घेतली नाही की कबुली होते. धरा."